सियाच्या वाटची जिलबी

बॉथेल,
८ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही फ्रिस्कोहून सुखरूप पोचलो. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदापुढे तुझा नाइलाज आहे. सुचित्रावहिनीला सांग, तिच्या मसालेभाताची चव अजून तोंडात आहे.

आता मुद्द्याचं. चार जुलैला तू दरवर्षी आपल्या शाळेतल्या पंधरा ऑगस्टसारखा थाट करतोस. इस्त्रीचे पांढरे कपडे, झेंडा, इथलं राष्ट्रगीत आणि मग जिलबी. आम्ही तुला हसतो, पण येतो. यंदा राष्ट्रगीताला माझी नात बसून राहिली. तू कारण विचारलंस, तर सिया म्हणाली, आजोबा, आय डोन्ट फील प्राउड राइट नाऊ. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांना इमिग्रेशनवाल्यांनी घरातून धरून नेलं, तेव्हापासून ती अशी आहे. मी तुला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी सगळ्या पाहुण्यांदेखत तू तिच्या ताटलीतली जिलबी चिमट्याने उचललीस आणि परातीत परत टाकलीस. म्हणालास, ही झेंड्याची जिलबी आहे, बसून मिळत नाही.

चौदा वर्षांची पोर आहे रे ती. तिला फोन कर, एवढंच मागणं आहे. वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया आहेच, थोडी तिच्यावरही असू दे.

तुझी,
नीलू

*

फ्रिस्को,
२० जुलै २०२५

चि. सौ. नीलूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर सुधारलं नाही आणि शिस्तीबद्दलची मतंही नाहीत.

मी या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या दिवशी सुचित्राने घरी पुरणपोळ्या केल्या होत्या. मी रडलो होतो. सियाला हे सगळं जन्मताच मिळालं, म्हणून तिला त्याची किंमत नाही. तिचा बाप, तुझा शंतनू, जेवताना रोज या देशाला शिव्या देतो आणि पगार मात्र इथलाच खातो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मैत्रिणीच्या बापाचं वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम.

सियाने सॉरी म्हणावं. म्हटलं की भाऊबीजेचं तिकीट काढतो. नाहीतर तुझं ओवाळणीचं ताट यंदा रिकामं राहील. सर्वांना आशीर्वाद, अगदी शंतनूलासुद्धा.

तुझा,
दादा

*

बॉथेल,
३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नियमांचं तू बोलूच नकोस. त्याच दिवशी तुझ्या गोऱ्या शेजाऱ्याने तीन जिलब्या खाऊन तुला विचारलं, की तुम्ही लोक आता परत कधी जाणार. मी शेजारी उभी होते. तू हसलास आणि त्याला चौथी वाढलीस. तो राष्ट्रगीताला उभा होता ना, म्हणून त्याला सगळं माफ. तुझा अभिमान घरच्या पोरीवर चालतो, कुंपणापलीकडे तो शेपूट घालतो.

सॉरी तू म्हणायचं आहेस. भाऊबीजेला ये आणि सियाशी एक शब्द बोल. नाही आलास तर मला भाऊ नाही असं समजेन. मी आजवर तुला खोटी धमकी दिलेली नाही. तब्येतीला जप.

नीलू

*

बॉथेल,
२४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

तू आला नाहीस. पाट मांडला होता, रांगोळी घातली होती. सहापर्यंत वाट पाहिली, मग ताट घेऊन ड्राइव्ह-वेवर गेले. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते. आपल्या इलामावशीने जन्मभर ओवाळलं आणि आपण लहानपणी तिला हसायचो. ढगांमुळे कोर दिसेना, तेव्हा अंदाजानेच ओवाळलं.

सियाने विचारलं, हे काय करतेस. मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, आजी, दॅट्स सो मीन. मला मात्र बरं वाटलं. तुला कळावं म्हणूनच लिहिते आहे.

नीलांबरी

*

फ्रिस्को,
१ नोव्हेंबर २०२५

सौ. नीलांबरी टिपणीस यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. ते लिहिण्याची गरज नव्हती. तेवीस तारखेला संध्याकाळी मी आपल्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, भाड्याच्या गाडीत बसलो होतो. मांडीवर जिलबीचा डबा होता. सियाला काय म्हणायचं ते विमानात घोकत आलो होतो. सॉरी मला कधी नीट म्हणता आलेलं नाही, म्हणून गाडीतही दोनदा म्हणून पाहिलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि तुम्ही निरांजन घेऊन बाहेर आलात. मला वाटलं, मला पाहिलं. मी गाडीच्या दाराच्या कडीला हातही घातला होता. तुम्ही वर पाहिलंत आणि ताट ओवाळलंत. चंद्र नव्हताच त्या दिवशी. मी होतो.

डबा विमानतळावर कचऱ्यात टाकला. सुचित्रा म्हणते, हे सियाला कळू देऊ नये. मी म्हणतो, अवश्य सांगा. पहिली जिलबी तिच्या ताटलीतून मी काढली, दुसरी तिच्या आजीने.

यापुढे भाऊबीजेची आपली सोय झाली आहे. चंद्राला तिकीट काढावं लागत नाही.

कळावे. लोभाचं वाक्य लिहीत नाही.

देवदत्त राजवाडे