उजवी बाजू कुणाची?

प्रिय ढापण्या,

तुझं पार्सल मिळालं. मिळाल्याचं कळवलं नाही, कारण कळवायला बसले की नुसतं 'मिळालं' लिहून हात थांबत नव्हता. इतक्या वर्षांत फोनवर अंगठ्याच्या चित्रापलीकडे तुझ्याकडून काही आलं नाही, आणि आता एकदम ही एवढी मोठी फळी! वर चिठ्ठी काय, तर 'नवं घर घेतलंय. दोघांना खेळता येईल असं व्हिडिओ गेमच्या जॉयस्टिकचं पॅनेल कर. फळी एकच आहे, सांभाळून. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.' बस्स! दोघं म्हणजे कोण रे? अरे, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तू. दोन मजल्यांच्या मध्ये कुणाला असं लटकवून ठेवू नये, एवढं तरी शिकला असशील ना?

फळी मात्र अशी निघाली की बाबा हातातला चहा विसरले. मेपलचं लाकूड, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या लाटा. बाबांनी ती जाडीतून मधोमध चिरली आणि पुस्तकासारखी उघडली. डावं पान, उजवं पान, दोन्हींवरच्या लाटा समोरासमोर. मग मी काळा रंग पाण्यात कालवून सगळीकडे फासला, वाळू दिला आणि परत घासून काढला. लाटांमध्ये मुरलेला तेवढा काळा राहतो, आणि वरून निळा चढवला की त्या उठून दिसतात. बाबांचा जन्म दारं-कपाटं पॉलिश करण्यात गेला. निळं लाकूड त्यांच्या लेखी आजारी लाकूड. आमच्या वेळी तोंडाला काळं फासलं की माणूस गाव सोडून जायचा, तू तर काळं पुसून वर निळं फासतेस, म्हणाले. पण तेलाचं वार्निश पिवळट असतं, निळ्याचं हिरवं होऊन बसेल, असं सांगून मला वेळेवर थांबवलं ते त्यांनीच. म्हणून वरचा थर पाण्यातल्या पारदर्शक लॅकरचा दिलाय.

त्यातही गंमत झाली. गंमत कसली, रडायचीच बाकी होते. दोन्ही पानं एकाच वाटीतल्या रंगाने, एकाच फडक्याने रंगवली, तरी डावं काळपट आणि उजवं लखलखीत. डाव्यावर आणखी एक हात मारायला फडकं भिजवलंच होतं, तेवढ्यात बाबांनी खांद्याला धरून मला बाकाच्या डाव्या टोकावरून उजव्या टोकाला नेऊन उभं केलं. तर तिथून डावं लखलखीत आणि उजवं काळपट! रंगात काडीचा फरक नव्हता. असल्या लाकडात उजेड असाच वाकडा चालतो म्हणे. मी आपली बराच वेळ इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. बाबांनी शेवटी विचारलं, फळी बघतेयस की फेऱ्या घालतेयस?

पण मला खरं छळलंय ते भोकं कुठे पाडायची हे दाखवायला फळीसोबत तू पाठवलेल्या पुठ्ठ्याच्या साच्याने. डाव्या बाजूला सगळं रीतसर आहे, डाव्या हाताला जॉयस्टिकचा दांडा, उजव्या हाताला बटणं. उजव्या बाजूला बघते तर उलट. बटणं डावीकडे, दांडा उजवीकडे. अशी मशीन आपण कधी पाहिली होती का? नाक्यावरच्या गेमच्या दुकानात सगळ्या मशिनी सरळ हाताच्या लोकांच्या, आणि मी ठार डावखुरी. बटणांसाठी डावा हात उजवीकडे टाकायचा, त्याच्याखालून उजवा हात दांड्याला न्यायचा, असे हात फुली करून खेळायचे. तूच नाव ठेवलंस खेकडी. हसायचास, आणि माझं कोपर तुझ्या बरगडीत बसलं तरी जागा बदलून मागायचा नाहीस. ते दिवस मला फार आवडायचे. हे कधी बोलले नव्हते, आता बोलते.

आता तूच सांग, मी काय समजू? पुठ्ठा मधोमध घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापल्यास, म्हणून उजवी उलटी आली? तुझा आळस बघता तेच खरं वाटतं. की तुला कुणी दुसरी भेटलीय, आणि तीही डावखुरी आहे? डावखुऱ्या काय जगात मी एकटीच आहे? की... जाऊ दे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. बाबा म्हणाले, फोन करून विचार की सरळ. केला होता, तुला आठवत असेल. विचारलं काय, तर दांड्याचा नट किती जाडीचा. तू जाडी सांगितलीस, मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. पुठ्ठ्यावर घडीची रेघ आहे का तेही बघितलं. रेघ आहे. पण फळीला बाहेरून बांधलेलं पुठ्ठ्याचं पाकीटही मधोमध दुमडलेलंच आलं होतं, मग ती घडी तुझी की टपालवाल्याची, कुणी सांगावं?

तर हे पत्र एवढ्यासाठी, की मी भोकं पाडली आहेत. लाकडाला पाडलेलं भोक बुजवून फसवता येत नाही, हे माहीत असून पाडली, तुझ्या साच्याप्रमाणे, उजवीकडची उलटीच. मग त्या बाजूला बसून बघितलं. हात फुली करावे लागत नाहीत. तुझी बटणं आणि त्या बाजूची बटणं मध्ये शेजारी शेजारी येतात, कोपर कुणाच्या बरगडीत जात नाही. ती जागा दुसऱ्या कुणासाठी असेल, तर मोकळेपणी कळव. मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू, पण पॅनेल नीट बांधून पाठवीन. नुसतीच घडीची चूक असेल तर मात्र कळवू नकोस, तशीच राहू दे. आणि यातलं काहीच नसेल, तर पॅनेल मी पाठवत नाही, तू ये. उजवीकडे बसलं की तुझी बाजू लखलखीत दिसते आणि स्वतःची काळपट. डावीकडून काय दिसतं, ते तू येऊन सांग.

तुझीच (हे नेहमीसारखं सवयीने लिहिलेलं नाही),
खेकडी