तुझा जुना वेग

प्रिय ताई,

कालपासून एका जागी बसवत नाहीये. सकाळी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायलाच विसरले. म्हणून तुला लिहायला घेतलंय. किती वेळ बसेन, ठाऊक नाही. माझी सवय तुला माहीत आहेच!

काल तुझी लेक मिनू अकोल्याहून आली. तू गेल्यावर तुझ्या कपाटात एक फ्लॉपी सापडली. तिच्यातलं सगळं कुठूनतरी काढून आणून मिनूने माझ्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकला. म्हणजे नव्या मशीनने जुनं असल्याचं सोंग घ्यायचं! काळा पडदा, हिरवी अक्षरं, वर इंग्रजी लिपीत माझं नाव: बेबी. माझ्यासाठी केलेला तो टायपिंगचा प्रोग्राम तू इतकी वर्षं जपला होतास?

अकोल्यात जठारपेठेतला तुझा कॉम्प्युटर क्लास आठवला. चपला बाहेर, एसी फक्त कॉम्प्युटरसाठी. शाळा सुटली की तू मला खुर्चीवर बसवायचीस. ओळी टाइप झाल्या की पडद्यावर यायचं, "थांब. बोटं मोकळी कर." आणि मी? केव्हाच चपलेत!

"बेबे, पुरं होऊ दे नं वं!" तू मागून ओरडायचीस. मला वाटायचं, पुरं तर झालंय.

काल ओळी संपल्या आणि पडदा नुसता चमकून गेला. काही वाचताच येईना. तीनदा केलं, चिडले. मिनू हसायला लागली.

"मावशी, तू त्याले पुरा स्पीड काहून दिला वं?"

"किती हळू चालत होतं ते!"

"हळूच चालते ते. आईनं तिथं मशीनले उगाच आकडे मोजाले बसवलं हाये. जुन्या मशीनले मिनिटभर लागे. हे पापणी लवाच्या आत मोजून मोकळं होते. तुयासारखं!"

तिने वेग कमी केला. "थांब. बोटं मोकळी कर." मग काहीच नाही. नुसता लुकलुकणारा चौकोन. मी बोटं मोडली, फोन उचलला, मिनूने तो काढून घेतला. केवढं लांब असतं गं मिनिट! आणि मग खाली दुसरी ओळ उमटली.

"आता जाय."

ही ओळ मी कधी पाहिलीच नव्हती. तू तरी एकदा सांगायचंस ना, खाली अजून काही आहे म्हणून!

दवाखान्यात तू माझा हात धरून म्हणालीस, "थांब नं वं पाच मिनिटं." इकडे अमरावतीला घरी यायची बस सुटेल म्हणून मी हात सोडवला. मागून दुसरी बस होतीच की! दोन दिवसांनी परत आले, तर तुझं बोलणं बंद झालेलं. काय सांगायचं होतं तुला? कालपासून वाटतंय, कदाचित काहीच नसेल. पाच मिनिटं झाली असती आणि तूच म्हणाली असतीस, जाय. पण असं परस्पर ठरवून मोकळं होणं, हीसुद्धा माझी घाईच ना?

मिनू आज परत गेली. दारातून म्हणाली, "स्पीड वाढवू नको, मावशी." नाही वाढवणार. रोज एकदा त्या ओळी टाइप करीन, फोन आतल्या खोलीत ठेवीन, आणि तू जाय म्हणेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.

आज जमलं नाही. मध्येच दूध उतू गेलं. उद्या दूध आधी तापवून ठेवते.

तुझी,
बेबी