पहिली गाडी खोटी असते

३ ऑगस्ट, सोमवार
डोकं फिरलंय. रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातल्या एका बाईंना घरी बसवलं! गुन्हा काय — जवळची गाडी सोडून लांबची पाठवली. रुग्णापर्यंत पोहोचायला वीस मिनिटं जास्त लागली. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली. बाई रडून सांगतायत, 'स्क्रीनवर तीच गाडी सगळ्यात वर होती.' साहेब म्हणतात, मानवी चूक. स्क्रीन आम्ही बनवली, आणि चूक बाईंची?

४ ऑगस्ट
टीमलीडशी कडाडून भांडले. त्याला रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंगचं वेड. सात महिन्यांपूर्वी माझी प्रणाली मोडीत काढून त्याची बसवली. म्हणे, एक माहिती बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलतं. बदलतं — पण कुठल्या क्रमाने? गाडी मोकळी झाल्याची खबर आधी येते, ती कुठे आहे ही नंतर. मधल्या क्षणी गाडी जुन्याच जागेवर मोकळी दिसते! त्याला करून दाखवलं, तर म्हणतो, 'मॅडम, अर्ध्या सेकंदात कोण बटण दाबतं?' ज्याला माणूस वाचवायचाय तो दाबतो, शहाण्या! गुंतागुंतीचं काम या पद्धतीला झेपत नाही, हे पहिल्या दिवसापासून ओरडतेय मी.

५ ऑगस्ट
चौकशी शुक्रवारी. बाईंची नोकरी त्यावर. तीन पानी अहवाल लिहिला, टीमलीडची सालटी काढली. हे म्हणाले, 'जरा सौम्य लिही.' नाही लिहिणार.

६ ऑगस्ट
पुरावा हवा म्हणून कक्षात गेले. सगळ्यात जुन्या ऑपरेटर — सगळे त्यांना माई म्हणतात — त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले. फोन आला. पत्ता टाकला, गाड्यांची यादी आली — आणि माईंनी हात मांडीवर ठेवला! यादी हलली, वरची गाडी खाली गेली, मग बटण दाबलं.
'थांबलात का?'
'पहिली गाडी खोटी असते ना, ताई. हलू द्यायचं, मग दाबायचं. नवीन माणसाला आम्ही आल्या आल्या हेच शिकवतो. ती बिचारी बदलीवर आली, तेव्हा नेमकी मी रजेवर.'
संताप, संताप! इतकी माणसं रोज आमची चूक हाताने सावरत होती आणि आम्हाला गंध नाही.

७ ऑगस्ट, सकाळ
अहवालात घालायला माईंना फोन करून विचारलं — हे कधीपासून शिकवता?
'होतील सहा वर्षं.'
तेव्हा टीमलीड इथे नव्हताच. प्रणाली माझी होती.
अहवाल फाडला. साडेदहाला चौकशी. बाईंच्या आधी मी बोलणार.