हासाच्या जागी हात वर

रविवार, संध्याकाळ

आज दोन वर्सानं शाळेच्या बाकावर बसली. सिनेमासाठी, पन बसली.

तिवश्याच्या शाळेत पोरायच्या इलेक्शनच्या कॉमेडी पिक्चरचं शूटिंग हाय. मी आमच्या मळ्यातल्या झेंडूचे हार द्याले गेली होती. एक पोरगी कमी पडली, तं पुण्याच्या डायरेक्टर म्याडमनं मलेच युनिफॉर्म घालून बसोलं. म्हने, "नुसतं हसायचं गं, बोलायचं नाही." मले तं बरंच झालं.

बाकावर कोनीतरी कंपासनं नाव कोरलं होतं. त्याच्यावर बोट फिरवत बसली. उन्हात खडूची धूळ तरंगत होती. वाटे, आठवीच चालू हाय, आपन कुठं गेलोच नाई.

उमेदवार पोरगी भाषण करून राहिली होती. "गणिताचा तास बंद करीन. मैदानात कूलर लावीन. ज्यायची शाळा सुटली, त्यायले घरून उचलून आणीन."

इथंच हासाचं होतं. सारे हासले. माहा हात वर गेला.

"कट. अगं, हात का वर केलास?"

माही बी शाळा सुटली होती, मी तं खरंच आयकत होती.

बाजूची म्हने, "येडी का वं तू? पिक्चर हाय हा."

दुसऱ्या वक्ती मी बी हासली. हात त्या कोरलेल्या नावावर दाबून धरला.

घरी आई हार ओवून राहिली होती. तिले म्हटलं, मले नववीत नाव टाकाचं हाय. आई हासली नाई.

"मंग हार कोन नेईन, माय?"

"सकायी मीच नेईन, तिकूनच शाळेत जाईन."

आईसमोर एवढं मी पयल्यांदाच बोलली.