राघू-मैनेचं तोरण

नेकनूर, ४ जुलै २०२५

चि. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागले की घरचे सगळे मधी बोलतात, म्हणून लिहिते. माझ्या क्रोशाच्या राघू-मैना तोरणाचा नमुना दुसराच कुणी इंटरनेटवर विकायलाय. बीडच्या हाफिजाबाईनं दाखवलं. फोटोत दार आपलं, तोरण माझं, दुकानाचं नाव मात्र भलतंच. वर नमुन्यात टाके बी चुकवून लिहिलेत, तसं विणलं तर मैनेला चोचच येत न्हाई. माझाच समजून तो घेतलेल्या ओळखीच्या बाया मलाच बोल लावतात. तुझे काका म्हणतात, छंदच हाय, सोडून दे. कावून सोडू? आपलं नमुन्यांचं ऑनलाइन दुकान तू सांभाळतीस, तूच तक्रार टाक.

वेळेवर जेवत जा, वाळलीस लई.

तुझी मावशी,
मनकर्णा


पुणे, १३ जुलै २०२५

ती. स्व. मनकर्णामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तक्रार टाकली, पण त्या माणसानं आधीच उलटी तक्रार केली होती की आपणच चोर. वेबसाइटनं आपलं दुकान बंद केलंय. आता तो लिहितो, मावशींनी नवे नमुने आम्हाला द्यावेत, मग तक्रार मागे घेऊ. नाव आमचं लागेल, बाईंना नाव काय करायचंय. मी उत्तर लिहिलं तर शिव्याच जातील, म्हणून तुला विचारते. तोरण तुझंच आहे हे दाखवावं लागेल. अर्धवट विणलेलं असतानाचे फोटो आहेत का?

काकांना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
स्वप्नाली


नेकनूर, ५ ऑगस्ट २०२५

चि. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद.

मी त्याला एकच ओळ लिहिली, ‘नमुना माझा हाय, नाव बी माझंच राहील.’

अर्धवट तोरणाचे फोटो मोबाईलमधी सापडले, तेवढे वेबसाइटला धाडले. मग हाफिजाबाईच्या शिलाईच्या दुकानात बसून पहिल्या टाक्यापासून मैना विणली. व्हिडिओ तुझ्या काकांनीच काढला, निम्म्यात त्यांचा अंगठा हाय, तरी तसाच धाडला. आपल्याकडून नमुना घेतलेल्या बायांनी बी वेबसाइटला लिहिलं. आपलं दुकान उघडलं, त्याचं बंद झालं, हे तू पाहिलंसच.

काल त्यानं दुसऱ्या नावानं पुन्हा तेच मांडलंय. तुला फोन केला न्हाई. तक्रार मी स्वतःच टाकली. काका म्हणाले, असं किती दिवस करणार? मी म्हणलं, माझं आयुष्य उसवण्यात अन् पुन्हा विणण्यात गेलंय, तो दमेल आधी.

दिवाळीला ये. मावशीचा जीव तुझ्यात हाय, ध्यानात ठेव.

तुझी मावशी,
मनकर्णा