रेवाच्या व्हिडिओतली बंदूक

आदिलाबाद, रविवार संध्याकाळ

वाचनालयाच्या हॉलमध्ये आज रेवाचा व्हिडिओ दाखवला. लेकीचं पहिलंच काम. बँकेच्या दारात बसणारे गंगारामभाऊ, मांडीवर बंदूक, समोरून येणारी-जाणारी माणसं. बस, एवढंच. ना गाणं, ना बोलणं. रोज आपण त्या बंदुकीजवळून जातो आणि ती दिसतच नाही, हे तिला दाखवायचं होतं. पण लोकांना कळेल? मागे जांभया सुरू झाल्या. रेवा नखं खात होती.

व्हिडिओ संपला. मग गंगारामभाऊंची बायको बोलली, खास जैनथ गावाहून आलेली. "आमचे हे तिथं सगळ्यायले हासून राह्यले. घरी काऊन तोंड फुगवून बसतेत?"

हॉलभर हशा. भाऊ लाजले. रेवाचं तोंड मात्र उतरलं. गंमत म्हणूनच पाहिलं का सगळ्यांनी?

"पर ते लहान पोरगी आली, तवा यायनं बंदूक खुर्चीमागं लपवली," बाई म्हणाल्या. "पाह्यलं का कोनी? म्हंजे यायलेबी बंदुकीचं भेव वाटते."

रेवा उठून उभीच राहिली. बंदूक खुर्चीमागे जाते, तेच तर! त्या एका क्षणासाठी सगळा व्हिडिओ. आणि तो कुणाला तरी दिसला. धावत जाऊन तिने बाईंचे हात धरले.

येताना स्कूटरवर मागून गळ्यात पडून विचारते, "आई, तुला दिसलं होतं ना?"

"नाही गं. मी पडद्याकडे पाहिलंच कुठे? लोकांचे चेहरे बघत होते."

इतकी हसली, की स्कूटर बाजूला घ्यावी लागली.