शेवटचा रकाना

२३ जून, गुरुवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये, पण दुसरं काही लिहवेना.

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील. वहिनी, आपण एकमेकींना अजून पाहिलेलंसुद्धा नाही आणि मी तुम्हाला थेट कामालाच लावतेय. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या. पुढे काही वाचायला जड गेलं तरी गाळू मात्र नका.

इकडे सगळे बरे आहोत. यांचे गुडघे कुरकुरतात आणि हे त्यांच्याहून जास्त कुरकुरतात. तुझी भाची नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागली. मी अजून त्याच कॉलेजात, त्याच टेबलावर.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या कॉलेजात एकच विषय घोकून पदवी मिळत नाही. मुख्य विषय कोणताही घ्या, त्याच्याबरोबर एक परकी भाषा, एक कला, एक इतिहास किंवा समाजशास्त्र, आणि विज्ञानाचा एक विषय करावाच लागतो. तो विज्ञानाचा विषय प्रयोगशाळेचा हवा, नुसता पुस्तकी चालत नाही. शेवटच्या वर्षी प्रत्येकाचं एक लांबलचक पत्रक निघतं. त्यावरची एकेक अट पुरी झाली की नाही ते बघून मी खूण करते आणि खाली सही करते. माझी सही झाली की पदवी पक्की. बावीस वर्षं करतेय. मुलं मला 'चाळणीबाई' म्हणतात. माझ्यातून खडा जात नाही म्हणे.

यंदा गेला.

तत्त्वज्ञान घेतलेली एक बाई होती. तिशी ओलांडलेली, पदरात एक मुलगी, मधे शिक्षण सुटलं होतं म्हणून परत आलेली. कायम धावत यायची, म्हणून आम्ही तिला 'घाईवाली' म्हणायचो. पदवीदान शनिवारी होतं, ती त्याआधीच्या सोमवारी आली. तिला एका शाळेत नोकरी मिळाली होती, एक जुलैला हजर व्हायचं होतं. माझा हात धरून म्हणाली, "बाई, एका गोष्टीचे खास आभार. ती प्रयोगशाळा माझ्या मागे लागली नाही! मला त्या काचेच्या नळ्यांची फार भीती वाटते."

मी हसले. ती गेली आणि मग लक्षात आलं, प्रयोगशाळेशिवाय तिची अट पुरी झालीच कशी? पत्रक काढलं. तिनं ग्रहताऱ्यांचा विषय घेतला होता. तो दोन प्रकारचा असतो, प्रयोगशाळेसकट आणि प्रयोगशाळेविना. कोणता घेतला ते पार उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात छापलेलं असतं. मी खूण केली होती, पण तो रकाना मला आठवतच नव्हता. म्हणून पत्रक नेहमीसारखं समोर धरलं. बारक्या, रकाना तिथे नव्हता. कागद त्याच्या आधीच संपत होता. मान वळवली तेव्हा तो उजव्या कडेला उगवला. मान सरळ केली की पुन्हा गेला.

मी तसं सात-आठ वेळा केलं असेल. समोर बसणारा टंकलेखक म्हणाला, "बाई, मान अवघडली का?" मी हो म्हटलं.

खरं सांगायचं तर ही सुरुवात नव्हती. वर्षभर मी दाराच्या चौकटींना खांदे आपटत होते. जिन्यावर पायरी हुकत होती. बाजूनं कुणी आलं की दचकत होते. चष्मा बदलायला झाला, झोप कमी झाली, वय झालं, असं स्वतःला सांगत होते. आपल्या घरात हे काय असतं ते मला माहीत होतं, आणि तरीही माहीत नसल्यासारखी वागत होते.

तीन दिवस मी गप्प बसले. जेवण जाईना. भीती एकट्या घाईवालीची नव्हती, टेबलावर यंदाची दोनशे बारा पत्रकं होती. मागच्या वर्षीची वेगळी. त्यातल्या किती जणांचा शेवटचा रकाना मी पाहिलाच नसेल? कागद गप्प होते. मी तोंड उघडलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. हा विचार मनात आला, आणि थोडा वेळ तो मला बराही वाटला. हेही तुला कळायला हवं.

त्या गुरुवारी रजिस्ट्रारबाईंच्या खोलीत गेले. आधी म्हटलं, "घाईत एक चूक झाली." त्यांनी पत्रक पाहिलं. "घाईत? तुमच्याकडून?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझा बांध फुटला. मला कडेचं दिसत नाही, हे मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं ते त्या परक्या बाईसमोर.

त्या ओरडल्या नाहीत. उठून दार लावलं, पाण्याचा पेला सरकवला. तो उजवीकडे ठेवला होता, माझ्या हाताला लागून सांडला. मग त्यांनी दोघा कारकुनांना हाताशी घेऊन दोन्ही वर्षांची पत्रकं पुन्हा तपासली. आणखी चार चुका निघाल्या. त्या चौघांचे दुसरे विषय अटीत बसत होते, ते निभावले. घाईवालीचं निभेना.

तिला मीच सांगायचं ठरलं. ती म्हणाली, "दिसलं नाही म्हणजे काय? कागद तुमच्या हातात होता ना? माझी आई उद्या पदवीदानाला येतेय. तिला काय सांगू, बाईंना दिसलं नाही?"

हाच प्रश्न मी तुला विचारला होता, याहून कितीतरी वाईट शब्दांत.

लिहिते आता. एकोणीस वर्षं टाळलं.

तू माझ्या लेकीला स्कूटरवरून शाळेतून आणत होतास, बाजूनं हातगाडी आली आणि दोघं पडलात. दवाखान्यात तिच्या हाताला पट्टी बांधत होते. तुझं कपाळ फुटलेलं, तू भिंतीला टेकून म्हणालास, "ताई, खरंच दिसली नाही गं." आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "डोळे फुटले होते का तुझे? की पिऊन आला होतास?" पुन्हा घरात पाऊल ठेवू नकोस, हेही म्हटलं. तू दारूला कधी शिवला नव्हतास, मला ठाऊक होतं. रात्री पोर म्हणाली, "आई, मामा रस्त्यावर रडत होता. म्हणत होता, मला आता दिसत नाही." सात वर्षांच्या मुलीनं सांगितलं आणि मी तिला झोप म्हटलं. दोन वर्षांनी तुझ्या डोळ्यांच्या आजाराचं नाव डॉक्टरांकडून कळलं, तेव्हाही मी आले नाही. तुझ्यासमोर उभी राहायला मला तोंड नव्हतं. नंतर नंतर त्याची सवय झाली.

घाईवालीचं पुढे असं झालं. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिच्या एकटीसाठी सुट्टीत तीन आठवड्यांची प्रयोगशाळा चालवली. पदवीदानाला ती मंचावर गेली, पण तिच्या हातात पडली ती रिकामी गुंडाळी. चूक सर्वस्वी माझी आहे, असं पत्र मी तिच्या शाळेला माझ्या सहीनं लिहिलं. पदवीच्या कागदासाठी शाळा थांबायला तयार झाली. काल तिची परीक्षा झाली, उत्तीर्ण झाली. व्हरांड्यात समोरून गेली, बोलली नाही. तिनं बोलावं असं मी का म्हणू?

पत्रकांचं काम माझ्याकडून काढलं आहे. डोळे तपासून घेतल्याशिवाय परत टेबलावर यायचं नाही, अशी रजिस्ट्रारबाईंची अट आहे. मी दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले आणि मागे फिरले. सोमवारी दहाला तिसऱ्यांदा जायचंय, लेक बरोबर येणार आहे. यांना अजून काही सांगितलेलं नाही. सकाळी उठले की आधी दोन्ही हात बाजूला पसरते आणि बोटं कुठपर्यंत दिसतात ते बघते. आज कालच्यापेक्षा आत आली होती, की मला भीतीनंच तसं वाटलं, कळत नाही.

माफी मागायचा हक्क मला नाही आणि आता मागितली तर ती गरजेपोटी मागितल्यासारखी दिसेल. तशी ती थोडी आहेच. पण तुझ्याशिवाय हे मी कुणाला विचारू? पहिल्या वर्षी तू काय केलंस रे? कुणाला सांगितलंस? रस्ता कसा ओलांडायचास? घाबरलास तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?

मी तर नव्हतेच.

वहिनी, तो गप्प बसला तर बसू द्या, लगेच काही विचारू नका. बारक्या, उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल. नाही आलं तरी मी समजून घेईन. नाही, खोटं लिहिलं, नाही समजून घेणार. पाठव.

तुझी,
जिला आता खरंच दिसत नाही ती
ताई